तू पाचव्या शीलाला गप्प राहायचास

दादा, रविवारची ट्रिप मी रद्द केलेली नाही. हे सगळ्यात आधी सांगते, कारण तू असतास तर घरात पाऊल टाकायच्या आधी हेच विचारलं असतंस. पाहुणे चौघे आहेत, पुण्याचे. दोन बहिणी आणि त्यांचे नवरे. तुझ्या फोनवर त्यांचा मेसेज आला तेव्हा तू जाऊन पाच दिवस झाले होते. वहिनीने फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "शालूबाई, त्यांना कळवून द्या, बंद झालं म्हणून." मी फोन घेतला, सगळं वाचलं आणि लिहिलं, "सकाळी सात वाजता तयार राहा. चढायला बरे पडतील असे बूट घाला." वाक्य तुझंच आहे. तू सगळ्यांना तेच पाठवायचास.

वहिनीला मी त्या दिवशी काही सांगितलं नाही. लपवायची मला सवय लागलेली आहे आणि ती कशी लागली तेच आज तुला सांगायचं आहे. तुझ्याशी मी जन्मभर भांडले. तोंडावर बोलले नाही असं फार थोडं असेल. पण गेल्या चार वर्षांत एक गोष्ट तुझ्यापासून दडवून ठेवली. आता तू ऐकायला नाहीस आणि आता मी सांगायला बसले, यावर तू काय म्हणाला असतास तेही मला माहीत आहे. "शालू, टाइम पे काम करना कब सीखोगी?" हिंदीतच म्हणाला असतास. राग आला की तू हिंदीत जायचास आणि प्रेम आलं की आपल्या नागपुरी मराठीत.

बत्तीस वर्षं तू फॅक्टरीत चेकर होतास. दुसऱ्याने बनवलेली वस्तू हातात घ्यायची, गेज लावायचा आणि पास की रिजेक्ट ते सांगायचं. ते काम तू घरीही सोडलं नाहीस. माझ्या भाकरी रिजेक्ट व्हायच्या, वहिनीचं वरण पास व्हायचं, माझ्या मुलाने आणलेली सून तर तू पहिल्या दिवशी, तिच्यासमोर, "पास" म्हणून मोकळा झालास. ती बिचारी अजून सांगते की सासरी आपली परीक्षा घेतली होती. रिटायर झाल्यावर तुझे दोस्त पत्ते कुटायला बसले. तुला ते जमेना. तू रोज सकाळी गाडी धुवायचास आणि ती कुठे न्यायची हे मात्र तुला सुचत नव्हतं.

मग नाशिकचे ते पाहुणे आले. माझ्याबरोबर शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या मैत्रिणीचे ते दीर. त्यांना शहर दाखवायचं काम तू अंगावर घेतलंस. मदन महलाच्या टेकडीवर ते गृहस्थ धापा टाकत होते आणि तू त्यांना खालचं जुनं गढा दाखवत होतास. इथे गोंड राजांची राजधानी होती, हे तळं त्यांचं, ती पायऱ्यांची बावडी त्यांची. त्यांनी रुमालाने मान पुसली आणि म्हणाले, "छान आहे हो. पण आमच्याकडे द्राक्षाच्या मळ्यात नेतात, पाच-सहा वाइनी चाखायला देतात, दिवस कसा मजेत जातो. तुमच्याकडे असं काही?"

तुला कोणी "तुमच्याकडे काय आहे" असं विचारलेलं सहन व्हायचं नाही. तू टेकडीवरच्या, एका दगडावर नुसत्या टेकलेल्या मोठ्या दगडाला हात लावलास, भूकंपातही जो हलला नाही त्याला, आणि म्हणालास, "आमच्याकडे मोह आहे." म्हणालास आणि स्वतःच दचकलास. मी बाजूलाच होते. तुझा चेहरा मी पाहिला आहे.

दचकणारच. आपल्या घरात तो शब्द कोणी मोठ्याने उच्चारत नसे. आजोबा नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले त्या आठवड्यात त्यांनी घरातलं दारूचं मडकं अंगणात आपटून फोडलं आणि त्यानंतर मरेपर्यंत दारूला हात लावला नाही. आपल्या घरात सोनंनाणं नव्हतं, जमीन नव्हती, सांगण्यासारखी ही एक गोष्ट होती. आई ती आपल्याला जेवताना सांगायची. मोहाची वाळलेली फुलं कोणी खायला दिली तरी ती पदराआड धरून बाहेर टाकून यायची. त्या घरातला तू, साठी उलटल्यावर, लोकांना मोहाच्या दारूची चव दाखवायला निघालास.

पण तू एकदा बोललास की बोललास. मंडल्याच्या रस्त्यावर घाट उतरल्यावर डाव्या हाताला जे गाव आहे, तिथे गोंड बायकांच्या गटाला मोहाची दारू गाळून विकायचा परवाना नुकताच मिळाला होता. गटाची पुढारी सुकवती. पन्नाशीची, काटकुळी, बोलायला सडेतोड. तू तिला पहिल्याच भेटीत विचारलंस, "बाई, माल हर बार एक जैसा निकलता है क्या?" ती म्हणाली, "भैया, तुम्हारे घर में रोटी हर बार एक जैसी निकलती है?" मी इतकी हसले की तू गाडीत तासभर माझ्याशी बोलला नाहीस. तरी त्या दिवशी तुमचं दोघांचं जमलं ते जमलंच.

एक गाडी, चार पाहुणे, एक दिवस. यापेक्षा जास्त माणसं तू कधी घेतली नाहीस. सकाळी मदन महलाची टेकडी, मग खाली गढ्यात पायी हिंडणं, मग घाटाचा रस्ता, सुकवतीच्या अंगणात माझ्या हातचं जेवण आणि जेवणानंतर चव. थंडीत मी पनागरच्या मटारची उसळ करायचे. टेकडीवर तुझं भाषण ठरलेलं असायचं. "आजोबा सांगायचे का इथून नागपूर दिसते. नाही दिसत, मी पाह्यलं. प्रांत वेगळे झाले, नागपूर तिकडे गेलं, आमी इकडेच राह्यलो. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी." पुण्याकडचे पाहुणे तुझ्या मराठीला गालात हसायचे. तू ते पाहायचास आणि मुद्दाम आणखी दोन वेळा "काहून" म्हणायचास.

आणि सुकवतीच्या अंगणातला तू! काचेचे तीन छोटे पेले माणशी, तीन वेगवेगळ्या वेळी गाळलेल्या घाण्यांचे. तू पुन्हा फॅक्टरीत गेल्यासारखा ताठ उभा राहायचास. तळहातावर थेंबभर घ्यायचा, दुसऱ्या तळव्याने चोळायचा, नाकाशी न्यायचा. चमच्यात काडी लावून निळी ज्योत दाखवायची. मग म्हणायचास, "मी स्वतः घेत नाही. चव सुकवती बाईंची आहे, सांगणारा मी." आणि सांगायचास. "आधी ओलं फूल येईल. मग मनुका. मग घशाशी जाताना थोडा चुलीचा धूर. धूर शेवटी आला पाहिजे, आधी आला तर रिजेक्ट." लोक डोळे मिटून घोट घ्यायचे आणि मान डोलवायचे. हो, फूल आलं. हो, मनुका आली. न पिणारा माणूस इतकी बरोबर चव कशी सांगतो, याचं त्यांना नवल वाटायचं. तुझ्या ट्रिपचं नाव झालं ते त्या तीन वाक्यांमुळे.

दादा, ती चव सुकवतीची नव्हती. माझी होती.

पहिल्या हिवाळ्यातली ती ट्रिप तुला आठवत असेल. नाकाने तू माल पास केलास, ज्योतही निळी आली आणि पाहुण्यांनी घोट घेऊन तोंडं वाकडी केली. भांड्याच्या तळाला फुलं लागली होती, सगळी दारू जळकट झाली होती आणि वासाला ते कळलंच नव्हतं. चेकरच्या हातून खराब माल पास झाला, हे तुला अंगावर ओरखडा काढल्यासारखं लागलं. पुढच्या वेळी आपण आदल्या दिवशी जेवणाचं ठरवायला गेलो. तू भट्टीमागे मोहाची झाडं पाहायला गेला होतास. सुकवतीने नवा घाणा माझ्यासमोर ठेवला. मी तुझ्यासारखाच तळहातावर चोळायला घेतला. ती म्हणाली, "दीदी, नाक तो भैया की भी थी. जीभ पे रखे बिना कैसे बताओगी?"

मी तिला म्हणाले, "तूच घेऊन सांग ना." ती म्हणाली, "हम तो बचपन से जेई पी रहे. हमको तो सब अच्छी लगत है." तिचं म्हणणं खरं होतं. मी शाळेत तीस वर्षं पोरींना शिकवलं की स्वतः तपासल्याशिवाय लिहू नका. मी पेला उचलला. एक घोट घेतला. थुंकायचं असं आधी ठरवलं होतं, पण तिच्या अंगणात, तिच्यासमोर, तिच्या मेहनतीवर थुंकणं मला जमलं नाही. मी गिळला.

आणि मला आवडला. हेही सांगते, कारण अर्धंच सांगायचं असेल तर बसायचं कशाला? आधी ओलं फूल आलं, मग मनुका, मग धूर. तू परत आलास तेव्हा मी म्हणाले, "सुकवती सांगते, आधी फूल, मग मनुका, मग धूर." तू खिशातली डायरी काढून लिहून घेतलंस. तुझा चेहरा उजळला होता. त्यानंतर दर घाण्याचा एक घोट मी घेतला आणि दर वेळी सुकवतीच्या नावाने तुला सांगितला. एका घोटाचे दोन कधी झाले नाहीत. पण एकसुद्धा घोट झाला की झाला, हे मला कळत होतं.

आता विहारातलं. पंचशील म्हणताना भन्ते एकेक ओळ म्हणतात आणि आपण मागून म्हणतो. पाचवी ओळ दारूपासून लांब राहण्याची. ट्रिपा सुरू झाल्यावरच्या पहिल्याच पौर्णिमेला मी तुझ्या शेजारी उभी होते. चार ओळी तुझा आवाज माझ्या कानात होता, पाचव्या ओळीला तो थांबला. मला वाटलं ठसका लागला असेल. पुढच्या पौर्णिमेला पुन्हा तेच. बाहेर चपला घालताना मी तुला धरलं.

"काहून गप्प राह्यला तू?"

"कोन, मी?"

"दादा, बाकी चार म्हणून राहिला अन् पाचवं गिळून राहिला. बहिरी नाही मी."

तू चपलेचा पट्टा लावत खालीच बघत होतास. "मी पेत नाही, पण पाजून राहिलो ना. मंग कोन्या तोंडानं म्हणू?"

"पिऊ नये असं शील हाय. पाजू नये असं कुठी लिहिलं हाय?"

"लिहिलं नसन. समजते ना मले."

हे भांडण आपलं चार वर्षं चाललं. मी तुला म्हणायचे, तू एक थेंब घेतलेला नाहीस, विहारातल्या निम्म्या माणसांपेक्षा तुझं शील चोख आहे, लोकांना उगाच संशय येतो, वहिनीला मान खाली घालावी लागते. तू म्हणायचास, "येऊ दे संशय." एका पौर्णिमेला तर मी रागाने इतकी मोठ्याने पाचवी ओळ म्हटली की पुढच्या रांगेतल्या बायका वळून बघायला लागल्या. तुझ्या शेजारी उभी राहून, तुला ऐकू जावी म्हणून. न पिणारा तू गप्प होतास आणि प्यालेली मी ओरडून म्हणत होते. तुझ्या बाजूने भांडत होते असं मला वाटत होतं, दादा. खरं म्हणजे मी स्वतःचाच आवाज झाकत होते आणि तुला वेठीला धरत होते. याची मला लाज वाटते. सरळ सांगते, लाज वाटते.

दुसरं भांडण गेल्या वर्षीचं, होळीनंतरच्या पहिल्या ट्रिपचं. अंगणात तू उभा राहिलास आणि म्हणालास, "मी स्वतः घेत नाही. सांगतो ते ऐकलेलं आहे." बस्स. सुकवतीचं नावच नाही. मला वाटलं विसरलास. पुढच्या ट्रिपलाही तसंच. गाडीत मी तुझ्यावर तुटून पडले. म्हटलं, ती बाई राबते, चव सांगते आणि तू तिचं नाव गाळतोस? तिला काय वाटत असेल? तू घाटातल्या वळणावर दोन्ही हातांनी चाक धरून होतास. म्हणालास, "शालू, जेवढं खरं आहे तेवढंच बोलावं माणसानं." मला वाटलं सहज म्हणालास. तरी मी खिडकीबाहेर बघायला लागले. तू थोडा वेळ थांबलास. बोलायला वाव दिल्यासारखा थांबलास. मग म्हणालास, "पुढच्या बारीला उसळीत मीठ कमी टाकजो."

ती वळणं मला गाडीतून पाठ आहेत, पण तिथे चाक तू कधी माझ्या हातात दिलं नाहीस. लायसन्स माझ्याकडे पंधरा वर्षांपासून आहे. सपाट रस्त्यावर दिलंस, घाटात नाही. "घाट माझा, पाहुणे तुझे," म्हणायचास. तो घाट रविवारी मी चालवणार आहे. या तीन दिवसांत मी मुलाची गाडी घेऊन दोनदा जाऊन आले. पहिल्यांदा तिसऱ्या वळणावर गाडी बंद पडली आणि मागचा ट्रकवाला काय काय बोलला ते तुला सांगत नाही. दुसऱ्यांदा नाही पडली.

नदीकाठच्या ग्वारीघाटावरून तुला निरोप देऊन आलो त्या दिवशी मी रडले नाही. लोक म्हणाले, खंबीर आहे. खंबीर कसली, मला राग आला होता. सकाळी दाढीला पाणी तापवायला ठेवून माणूस जातो, हे काय जाणं झालं? माझं बोलणं राहिलं होतं. मी दर ट्रिपला ठरवायचे की आज सांगू आणि दर ट्रिपला उसळ, पाहुणे, घाट काही ना काही आडवं यायचं.

परवा तुझं पुण्यानुमोदन झालं, बाराव्या दिवसाचं. सुकवती आली होती. भल्या पहाटेची बस धरून, ओढणीत वाळलेली मोहफुलं बांधून. वहिनीने ती फुलं पाहिली आणि ताटलीत काढून तुझ्या फोटोसमोर ठेवली. आईने पदराआड बाहेर टाकली असती. मी सुकवतीला मागच्या ओट्यावर चहा दिला. ती चहा बशीत ओतत सहज म्हणाली, "भैया को मालूम थी, दीदी."

"क्या मालूम थी?"

"जेई कि चखती आप हो. पिछले साल की होली पे पूछी थी हमसे. हम झूठ काहे बोलते?"

माझ्या हातातली किटली मी खाली ठेवली. विचारलं, "फिर क्या बोले?"

"कछु नहीं. हँसे. फिर बोले, बाई, उसको मत बताना कि मुझे पता है. वो खुद बताएगी."

दादा, तू एक वर्षाहून जास्त वाट पाहिलीस. दर ट्रिपला, जाताना आणि येताना, त्या गाडीत माझ्या शेजारी बसून. खोटं बोलायचं नाही म्हणून सुकवतीचं नाव गाळलंस आणि मला उघडं पाडायचं नाही म्हणून माझं घेतलं नाहीस. आणि मी तुला वर तोंड करून विचारत होते, तिला काय वाटत असेल? घाटात तू थांबला होतास तो मीठ आठवायला थांबला नव्हतास. मी तिथे ओट्यावर बसून रडले, बारा दिवसांचं सगळं एकदम रडले. सुकवती माझ्या पाठीवर हात फिरवत राहिली. तिचा चहा गार झाला.

मग आतून हाक आली. भन्ते बसले होते, माणसं जमली होती, खोली भरून बाहेर अंगणापर्यंत. मी डोळे पुसून तुझ्या फोटोजवळ उभी राहिले. त्रिशरण झालं, पंचशील सुरू झालं. पहिली ओळ, दुसरी, तिसरी, चौथी. मला माहीत होतं की पाचवी माझ्यासाठी नाही. मी गप्प राहायला हवं होतं आणि तसं ठरवूनच आत आले होते. पण भन्त्यांनी ओळ म्हटली आणि मला तुझे मिटलेले ओठ आठवले, चार वर्षांच्या सगळ्या पौर्णिमांचे. जे शील तू एका थेंबानेही मोडलं नाहीस ते तू कधी म्हटलं नव्हतंस. पाळून झालं होतं, म्हणायचं राहिलं होतं. मी म्हटलं. मोठ्याने नाही, तुझ्या आवाजाएवढ्या आवाजात. दादा, ती ओळ तुझी होती. तुझ्या वतीने म्हटली.

माणसं गेल्यावर वहिनी माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "शालूबाई, आता ते बंदच करा. चार वर्षं हे विहारात तोंड मिटून उभे राह्यले अन् लोक माझ्याकडे पाहत राह्यले. हे घरी पितात का म्हणून मले दोघींनी विचारलं. मी काय सांगू त्यांना?" ती रागाने बोलत नव्हती. दमली होती. तिच्या बाजूचं तुला-मला कधी नीट दिसलंच नाही.

मी तिला सगळं सांगितलं. पहिला घोट, सुकवतीचं नाव, होळी, तुझं वाट पाहणं. रविवारचे पाहुणे येणार आहेत, हेही सांगितलं. आणि म्हणाले, "वहिनी, मी हे बंद करणार नाही. सुकवतीकडे माणसं जात राहिली पाहिजेत आणि दादाने पास केलेलं काम मी रिजेक्ट करणार नाही. पण खोटंही चालवणार नाही. लोकांनी विचारलं तर सांगा, ते पीत नव्हते, त्यांची बहीण चाखते. माझं नाव घेऊन सांगा."

ती ताटलीतलं एक मोहफूल उचलून बोटात फिरवत होती. मग विचारलं, "कडू असते का व?"

"नाही. आधी गोड लागते."

"मले वाटलं कडू असन," ती म्हणाली. उठली, आत गेली आणि खुंटीवरच्या तुझ्या टोपीखालून गाडीची किल्ली काढून आणली. माझ्या हातात ठेवताना म्हणाली, "घाटात हॉर्न वाजवत जा. हे वाजवत नव्हते."

तर रविवारी सात वाजता मी निघणार आहे. टेकडीवर तुझ्या दगडाला हात लावून नागपूर दिसत नाही हे सांगेन. तुझ्याइतकं चांगलं जमणार नाही. उसळीत मीठ कमी टाकेन. सुकवतीच्या अंगणात पेले मांडून झाले की सगळ्यांसमोर म्हणेन, "माझा भाऊ हे घेत नव्हता. मी घेते. चव माझी आहे." मग पहिला घोट घेईन, उघड्यावर, आणि फूल आधी आलं की धूर, ते सांगेन.

आणि येत्या पौर्णिमेला विहारात येईन. तुझ्या जागेवर उभी राहीन. चार ओळी स्पष्ट म्हणेन. पाचवीला लोक वळून बघतील, वहिनीही बघेल. बघू दे. मी गप्प राहीन.